एकच डीएलएल, लॅबव्ह्यूत बरोबर आणि पायथनमध्ये चूक: ओव्हनच्या तापमान नियंत्रकाचा प्रश्न

भट्टीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचे चाचणीसंच बनवण्याचे छोटे युनिट आहे. रबरी सील आणि वायरिंगचे नमुने ठरावीक तापमानाला बराच काळ ठेवून तपासण्यासाठी आम्ही गरम हवेचा एक ओव्हन वापरतो. त्याचा तापमान नियंत्रक आरएस-४८५ तारेवरून मॉडबस आरटीयू या यंत्रांच्या संवादाच्या ठरलेल्या पद्धतीने ९६०० बॉड (दर सेकंदाला ९६०० बिट) वेगाने बोलतो आणि संगणकाशी तो यूएसबी कन्व्हर्टरमधून जोडलेला आहे. त्याच्याशी बोलण्यासाठी सी भाषेत लिहिलेली एक डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामांनी बोलावायच्या फंक्शनांची फाइल) आमच्याकडे पूर्वीपासून आहे. तिच्यात चारच फंक्शने आहेत: पोर्ट उघडणे, रजिस्टरे (नियंत्रकातल्या १६ बिटच्या आकड्यांच्या जागा) वाचणे, रजिस्टर लिहिणे आणि पोर्ट बंद करणे.

ऑपरेटरचा पडदा ३२ बिटच्या लॅबव्ह्यूमध्ये (ब्लॉक आणि वायरी जोडून प्रोग्राम बनवण्याच्या साधनात) आहे आणि तो कित्येक वर्षे विनातक्रार चालला आहे. रात्रभराच्या नोंदी आणि अहवाल पायथनमध्ये करावेत असे ठरल्यावर सहकाऱ्याने सीटाइप्स (पायथनमधून सी फंक्शने बोलावण्याची सोय) वापरून तीच डीएलएल पायथनमधून बोलावली. पायथन ६४ बिटचे असल्यामुळे त्याच सोर्समधून डीएलएल ६४ बिटसाठी वेगळी कंपाइल करून घेतली. सोर्समधली एकही ओळ बदललेली नाही. तरीही पायथनमध्ये पोर्ट उघडणारे फंक्शन दरवेळी शून्य परत करते, म्हणजे पोर्ट उघडतच नाही. लॅबव्ह्यू पूर्ण बंद असते, कन्व्हर्टर कॉम १२ वर दिसतो आणि लॅबव्ह्यू सुरू केले की तोच पोर्ट लगेच उघडतो. डीएलएल एकच असताना हा फरक कुठून येतो, हे कळत नाही.

सी_साधक

दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिली अशी की पायथन ३ मधली साधी स्ट्रिंग सीटाइप्समधून जशीच्या तशी पाठवली आणि फंक्शनचे आर्गटाइप्स (आर्ग्युमेंटांचे प्रकार) सांगितलेले नसले, तर विंडोजवर ती दोन-दोन बाइटच्या अक्षरांची स्ट्रिंग म्हणून जाते. तुमच्या डीएलएलला एकेका बाइटची अक्षरे हवी असणार. मग 'कॉम'चा पहिला 'सी' सोळाच्या पायात ४३ म्हणून पोहोचतो, त्याच्या पाठोपाठ ०० येतो आणि सी भाषेच्या लेखी स्ट्रिंग तिथेच संपते. डीएलएल 'सी' नावाचा पोर्ट शोधत बसते. यावर उपाय म्हणजे नाव बाइट्स प्रकारात पाठवणे, आणि आर्गटाइप्समध्ये 'सी_कॅर_पी' लिहिणे, म्हणजे पुन्हा कोणी साधी स्ट्रिंग दिली तर पायथन तिथेच अडवील.

दुसरी गोष्ट विंडोजची आहे. कॉम १ ते कॉम ९ ही नावे तशीच चालतात, पण कॉम १० पासून पुढे नावाआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, टिंब आणि पुन्हा एक उलटी तिरकी रेघ असा उपसर्ग लावावा लागतो. तुमचा पोर्ट १२ आहे. लॅबव्ह्यूत तो उघडतो, याचा अर्थ हा उपसर्ग कुठेतरी लागतो आहे. डीएलएलच्या सोर्समध्ये तो दिसत नसेल तर लॅबव्ह्यूचा ब्लॉक डायग्राम उघडून, पोर्टच्या नावाची वायर कुठून कुठे जाते ते पाहावे. पायथनमध्ये उलटी रेघ लिहिताना ती दुप्पट करावी लागते किंवा स्ट्रिंग रॉ म्हणून लिहावी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

भट्टीवाला

दोन्ही अंदाज बरोबर ठरले. डायग्राममध्ये स्ट्रिंगा जोडणारा एक ब्लॉक आहे आणि तिथे हा उपसर्ग कॉन्स्टंट म्हणून ठेवलेला आहे. डीएलएलच्या सोर्समध्ये त्याचा मागमूस नाही. हा डायग्राम ज्यांनी काढला ते आता आमच्याकडे नाहीत आणि त्यांनी मागे ठेवलेल्या कागदांत याचा उल्लेख नाही.

नाव बाइट्समध्ये आणि उपसर्गासह दिल्यावर पोर्ट उघडला. मात्र लगेच पुढच्या ओळीला, रजिस्टरे वाचताना, 'ॲक्सेस व्हायोलेशन' (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) येते. त्यात भर म्हणजे सहकारी हे सर्व जुपिटर नोटबुकमध्ये करत असल्याने चूक आली तरी मागची प्रक्रिया जिवंत राहते, पोर्ट तिच्याच ताब्यात असतो आणि मग लॅबव्ह्यूलाही तो मिळत नाही. तो भाग कर्नल, म्हणजे ती मागची प्रक्रिया, पुन्हा सुरू केल्यावर सुटतो, पण मूळ चूक का येते?

सी_साधक

पोर्ट उघडणारे फंक्शन तुम्हाला काय परत देते? आतल्या एखाद्या स्ट्रक्चरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देत असेल तर कारण उघड आहे. रेसटाइप (परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार) सांगितला नाही तर सीटाइप्स गृहीत धरते की प्रत्येक फंक्शन ३२ बिटचा पूर्णांक परत देते. ६४ बिटच्या प्रक्रियेत पॉइंटर ६४ बिटचा असतो. त्याचा वरचा अर्धा भाग इथे कापला जातो. उरलेला अर्धा पत्ता तुम्ही वाचण्याच्या फंक्शनला देता, ते त्या पत्त्यावर जाते, आणि तिथे तुमचे काहीच नसते. ३२ बिटच्या लॅबव्ह्यूत पॉइंटरही ३२ बिटचाच, त्यामुळे डीएलएल बोलावणाऱ्या कॉल लायब्ररी नोडवर कोणी '३२ बिट पूर्णांक' निवडले असले तरी तिथे सगळे सुरळीत चालते.

तूर्त रेसटाइपला 'सी_व्हॉइड_पी' द्या आणि बाकीच्या तीन फंक्शनांच्या पहिल्या आर्ग्युमेंटलाही तोच प्रकार द्या. एकालाच देऊन भागत नाही. जाताना पुन्हा कापला जाईल.

लॅबव्ह्यूच्या नोडवरही आत्ताच 'पॉइंटरएवढा पूर्णांक' हा पर्याय निवडून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उद्या लॅबव्ह्यू ६४ बिटचे झाले की हीच चूक तिथे निघेल आणि तेव्हा हा धागा कोणाला आठवणार नाही.

कर्वेनगरी

माझे मत थोडे वेगळे आहे. पायथनमध्ये मॉडबससाठी 'पायमॉडबस' आणि 'मिनिमलमॉडबस' अशी तयार पॅकेजे आहेत आणि ती भरपूर वापरली गेलेली आहेत. एक जुनी डीएलएल दोन बिटांसाठी दोनदा कंपाइल करायची, प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार हाताने सांगायचा आणि चुकला तर प्रक्रियाच कोसळू द्यायची, एवढा खटाटोप कशासाठी? लॅबव्ह्यू लॅबव्ह्यूच्या जागी राहू द्यावे आणि पायथनने थेट पोर्टशी बोलावे. मॉडबस १९७९ पासूनची खुली पद्धत आहे, तिच्यात लपवण्यासारखे काही नाही.

सी_साधक

कर्वेनगरी, नवीन काम असते तर मी तुमच्याशी सहमत झालो असतो. येथे अडचण अशी आहे की या ओव्हनला लिहिण्याचेही आदेश जातात. सेटपॉइंट (ओव्हनने गाठायचे तापमान) कितीच्या वर जाऊ द्यायचा नाही, कोणत्या रजिस्टरला हात लावायचा नाही, असे नियम डीएलएलमध्ये असतील तर पायथनची वाट वेगळी केल्याबरोबर ते नियम दोन ठिकाणी होतात आणि एका ठिकाणचे बदलायचे राहून जातात. भट्टीवाला, असे काही नियम आहेत का, ते कृपया सांगावे.

भट्टीवाला

आहेत. २२० अंशांच्या वरचा सेटपॉइंट डीएलएल नाकारते, कारण त्यापुढे आमच्या नमुन्यांच्या पकडीतले रबर धूर सोडू लागते. त्यामुळे डीएलएल सोडून देण्याला आमच्या साहेबांची परवानगी मिळणार नाही आणि मलाही ते पटत नाही.

पॉइंटरचा उपाय केल्यावर वाचन सुरू झाले. आता मात्र विचित्र आकडा येतो. सकाळी थंड ओव्हनचे तापमान लॅबव्ह्यू २५.३ दाखवते आणि त्याच वेळी पायथन २७ वर २२ शून्ये एवढा आकडा दाखवते. सहकाऱ्याने डीएलएलने दिलेली दोन रजिस्टरे जशीच्या तशी छापली तेव्हा पहिले २६२१४ आणि दुसरे १६८४२ निघाले. दोन्ही सलग ठेवून तो ३२ बिटचा दशांश आकडा काढतो आहे.

उपकरण_ताई

हे आकडे तुम्ही दिलेत म्हणून उत्तर सोपे झाले. २५.३ हा ३२ बिटचा दशांश आकडा सोळाच्या पायात ४१ सीए ६६ ६६ असा लिहिला जातो. ४१ सीए म्हणजे १६८४२ आणि ६६ ६६ म्हणजे २६२१४. तुमचा नियंत्रक खालचा अर्धा भाग आधी पाठवतो आणि वरचा नंतर. एका रजिस्टरातले दोन बाइट कोणत्या क्रमाने जावेत, हे मॉडबसने ठरवून दिले आहे: मोठा आधी. पण दशांश आकडा दोन रजिस्टरांत विभागल्यावर त्यांपैकी कोणते आधी, हे त्या पद्धतीत नाही. ते प्रत्येक उत्पादक आपापल्या परीने ठरवतो. पायथनमध्ये दोन रजिस्टरांची अदलाबदल करून मग दशांश आकडा काढावा.

लॅबव्ह्यूमध्ये तुम्हाला 'जॉइन नंबर्स' नावाचा ब्लॉक दिसेल आणि त्याच्या वरच्या टोकाला दुसरे रजिस्टर, तर खालच्या टोकाला पहिले जोडलेले असेल. पुढे 'टाइप कास्ट' असेल. दोन वायरी एकमेकींना ओलांडून जातात, एवढीच त्याची खूण असते. त्यामुळे वाचणाऱ्याच्या नजरेतून ती सहज सुटते.

एक सूचना विद्यार्थ्यांनाही नेहमी करते. हा क्रम तपासताना २५ किंवा १०० असे पूर्ण आकडे घेऊ नयेत. २५.० चा खालचा भाग सगळा शून्य असतो, त्यामुळे उलटा क्रम लावला की जवळजवळ शून्य एवढा सूक्ष्म आकडा निघतो, पडद्यावर ०.०० दिसते आणि माणूस सेन्सरची तार तुटली म्हणून ओव्हन उघडून बसतो. २५.३ सारखा आकडा घेतला की चूक लपत नाही.

भट्टीवाला

ताई, अगदी तसेच आहे. वायरी एकमेकींना ओलांडून गेलेल्या आहेत. पायथनमध्ये अदलाबदल केल्यावर २५.३ आले.

त्यानंतर रात्रीच्या नोंदी घेतल्या आणि नवा प्रश्न उभा राहिला. ओव्हन थंड असताना, तापायला सुरुवात होण्याच्याही आधी, तापमानाच्या स्तंभात मधूनच १८० येते. पुढची नोंद पुन्हा २६ च्या आसपास. १८० हा आमचा सेटपॉइंट आहे. सीआरसी तपासणी (संदेश वाटेत बिघडला नाही ना हे पाहणारी) डीएलएलमध्ये आहे आणि ती प्रत्येक वेळी बरोबर येते, म्हणजे तारेवरचा गोंगाट हे कारण दिसत नाही. पायथनमध्ये दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे भाग) आहेत: एक दर सेकंदाला तापमान वाचून नोंदवतो, दुसरा पडद्यासाठी सेटपॉइंट वाचतो. लॅबव्ह्यूतही हे दोन्ही वाचले जाते, आणि तिथे असे एकदाही झालेले नाही.

कर्वेनगरी

आता अंदाज पुरे, तारेवर काय जाते ते पाहावे. पुण्यातल्या तपकीर गल्लीत दुसरा एक यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर घ्या, त्याचे ए आणि बी पहिल्याच्या ए आणि बीला समांतर जोडा, आणि दुसऱ्या संगणकावर फक्त ऐकण्यासाठी एक टर्मिनल प्रोग्राम सोळाच्या पायात लावा. या कन्व्हर्टरवर १२० ओहमचा रेझिस्टर जंपरने जोडलेला असेल तर तो काढून टाका. तारेच्या दोन टोकांना दोन असतात, तिसरा लावू नये. त्याच्याकडून काही पाठवू मात्र नका. प्रत्येक बाइटासमोर वेळ लिहिली जाईल असा प्रोग्राम निवडावा. कन्व्हर्टरमध्ये एफटीडीआयची चिप असेल तर तिचा लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो; डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो १ करावा, नाहीतर वेळा ढोबळ मिळतील.

भट्टीवाला

गुरुवारी युनिटला सुट्टी असल्याने ओव्हन मोकळा होता, त्या दिवशी हे जोडून पाहिले. जे दिसले ते इथे मांडतो.

साधारण वेळी तापमानाची विनंती ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी अशी जाते आणि उत्तर ०१ ०३ ०४ ने सुरू होते, त्यापुढे चार बाइट माहिती आणि दोन बाइट सीआरसी. सेटपॉइंटच्या विनंतीत पत्ता वेगळा असतो, पण उत्तराची सुरुवात तीच, ०१ ०३ ०४. डीएलएल उत्तरासाठी १०० मिलिसेकंद थांबते. नियंत्रक बहुतेक वेळा त्याच्या आत बोलतो, पण कधीकधी सेटपॉइंटच्या विनंतीला तो त्याहून उशिरा उत्तर देतो. तोवर डीएलएलने 'वेळ संपली' असे सांगितलेले असते, पायथन ती चूक नोंदवून पुढे जाते आणि तापमानाची विनंती पाठवते. त्यानंतर लगेच १८० ची नोंद होते.

याशिवाय काही ठिकाणी एका उत्तराला लागूनच पुढची विनंती गेलेली दिसते, मध्ये जवळजवळ अंतर नाही, आणि त्या विनंतीला उत्तरच येत नाही. दोन-तीन ठिकाणी तर एका विनंतीचे उत्तर येण्याआधीच दुसरी विनंती गेलेली आहे.

उपकरण_ताई

हे नोंदपत्र उत्तम आहे. यात तीन वेगवेगळे दोष आहेत, एकात एक मिसळलेले.

१८० चे कारण उशिरा आलेले उत्तर. मॉडबस आरटीयूमध्ये वाचनाच्या उत्तरात रजिस्टरचा पत्ता नसतो. उपकरणाचा क्रमांक, फंक्शनचा क्रमांक, बाइटांची संख्या आणि माहिती एवढेच असते. तापमानाचे दोन रजिस्टरांचे उत्तर आणि सेटपॉइंटचे दोन रजिस्टरांचे उत्तर यांत माहिती सोडली तर फरक करता येत नाही. उशिरा आलेले उत्तर पोर्टच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पडून राहते आणि पुढच्या विनंतीचे उत्तर म्हणून वाचले जाते. सीआरसी बरोबर येणारच, कारण संदेश धडधाकट आहे, फक्त तो दुसऱ्या प्रश्नाचा आहे. मॉडबस टीसीपीमध्ये प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असल्याने हे ओळखता येते. आरटीयूमध्ये नवी विनंती पाठवण्याआधी बफर रिकामा करण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा दोष शांततेचा. दोन संदेशांमध्ये किमान साडेतीन अक्षरांएवढी शांतता हवी. ९६०० बॉडला ११ बिटांचे एक अक्षर सुमारे १.१५ मिलिसेकंदांचे होते, म्हणजे शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची. ती मिळाली नाही तर नियंत्रकाला नवा संदेश सुरू झाल्याचे कळत नाही आणि तो गप्प राहतो.

तिसरा दोष दोन थ्रेडांचा. सीटाइप्स डीएलएलमध्ये शिरताना पायथनचे जागतिक कुलूप (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारे) सोडते, त्यामुळे दोन्ही थ्रेड एकाच वेळी डीएलएलच्या आत असू शकतात. आत कुलूप नसेल तर विनंत्या एकमेकींवर आदळणारच.

आता लॅबव्ह्यूत हे का होत नाही, हे डायग्राममध्ये शोधावे. माझ्या अंदाजाने तिन्हींची उत्तरे तिथेच सापडतील.

भट्टीवाला

सापडली. वाचनाच्या लूपमध्ये २५० मिलिसेकंदांचा 'वेट' आहे, त्यामुळे शांतता आपोआप मिळते. चूक आल्यावरच्या केसमध्ये पोर्ट बंद करून, अर्धा सेकंद थांबून पुन्हा उघडला जातो, त्यामुळे उशिरा आलेले उत्तर बफरसकट जाते. कॉल लायब्ररी नोड मात्र सगळे केशरी आहेत. याचा अर्थ काय घ्यायचा?

सी_साधक

केशरी म्हणजे 'यूआय थ्रेडमध्ये चालवा'. नवा नोड ठेवला की मुळात हाच पर्याय असतो. यूआय थ्रेड, म्हणजे पडदा सांभाळणारा थ्रेड, एकच असल्याने त्यातून जाणारे सगळे कॉल एकामागून एक होतात. तुमच्या डीएलएलला कुलूप नाही, पण लॅबव्ह्यूने न मागता ते पुरवले होते.

आता या धाग्यात आतापर्यंत निघालेल्या गोष्टी एकत्र पाहा. पोर्टच्या नावाचा उपसर्ग, रजिस्टरांचा क्रम, दोन संदेशांमधली शांतता, उशिरा आलेले उत्तर टाकून देणे आणि एका वेळी एकच कॉल: या पाचही गोष्टी ओव्हनशी बोलण्यासाठी अत्यावश्यक आहेत आणि पाचही डीएलएलच्या बाहेर, लॅबव्ह्यूच्या डायग्राममध्ये होत्या. तुम्ही दोन्हीकडे एकच कोड चालवत होतात असे वाटत होते, पण प्रत्यक्षात पायथनला त्या कोडचा निम्माच भाग मिळाला होता. म्हणून या पाच गोष्टी पायथनमध्ये पुन्हा लिहू नयेत, असे माझे ठाम मत आहे. त्या डीएलएलमध्ये न्याव्यात, आणि उद्या तिसऱ्या कोणी ती बोलावली तरी त्याला यांपैकी एकही गोष्ट माहीत असण्याची गरज पडू नये.

तसे करताना फंक्शनांचा चेहराही बदलावा. प्रत्येक फंक्शनने ३२ बिटचा चूक-क्रमांक परत द्यावा आणि मूल्य पॉइंटरमधून द्यावे. पोर्टसाठी आतला पॉइंटर बाहेर न देता १, २ असा छोटा क्रमांक द्यावा, म्हणजे ३२ आणि ६४ बिटचा वाद दोन्हीकडे मिटतो. स्ट्रक्चर सीमेपलीकडे पाठवू नये. त्याच्या आतल्या रिकाम्या जागा दोन्हीकडे सारख्याच पडतील याची खात्री नसते.

कर्वेनगरी

सी_साधकांचे म्हणणे मला आता पटले. फक्त एक इशारा. रजिस्टरांची अदलाबदल डीएलएलमध्ये नेली त्याच क्षणी लॅबव्ह्यूच्या डायग्राममधून ती काढावी लागेल. नवी डीएलएल आणि जुना डायग्राम एकत्र आले तर दोनदा अदलाबदल होईल, आणि ज्या पडद्यावर ऑपरेटरचा इतक्या वर्षांचा विश्वास आहे तोच चुकीचे तापमान दाखवील. ओव्हन २०० अंशांवर असताना हे होता कामा नये.

उपकरण_ताई

त्यासाठी जुन्या फंक्शनांची नावे तशीच ठेवून त्यांचे वागणे बदलू नये. 'तापमान वाचा' आणि 'सेटपॉइंट वाचा' अशी नवी फंक्शने जोडावीत आणि ती थेट अंशांत आकडा देतील असे करावे. जुने 'रजिस्टरे वाचा' जसे होते तसे राहू द्यावे. मग जुना डायग्राम नव्या डीएलएलवरही बरोबर चालेल आणि बदल सावकाश करता येईल. शिवाय आवृत्तीचा क्रमांक सांगणारे एक फंक्शन असावे आणि दोन्ही कार्यक्रमांनी सुरू होताना ते विचारावे.

भट्टीवाला

सर्वांचे मनापासून आभार. वरीलप्रमाणे बदल केले आहेत, ते इथे नोंदवतो, कारण असाच संच असलेल्या कोणालाही ते उपयोगी पडतील.

डीएलएलमधले पोर्ट उघडणारे नवे फंक्शन पोर्टचा फक्त क्रमांक घेते आणि उपसर्ग स्वतः लावते. प्रत्येक विनंतीआधी बफर रिकामा होतो. वाट पाहण्याची मुदत १०० वरून ३०० मिलिसेकंद केली. मुदत संपली तर आणखी तितकाच वेळ तारेवर ऐकत राहून जे येईल ते टाकून दिले जाते आणि मगच कॉल परत येतो. फक्त बफर रिकामा केल्याने भागत नव्हते, कारण उशिराचे उत्तर कधीकधी बफर रिकामा केल्यानंतर येत असे. दोन संदेशांमध्ये ५ मिलिसेकंद थांबण्याचा आदेश आहे. विंडोज प्रत्यक्षात १५-१६ मिलिसेकंदही थांबते, पण इथे जास्त थांबल्याने काही बिघडत नाही. सर्व फंक्शनांभोवती एक क्रिटिकल सेक्शन (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) आहे. २२० अंशांची मर्यादा होती तिथेच आहे.

लॅबव्ह्यू आणि पायथन एकाच वेळी चालवण्याचा प्रश्न साहेबांनी विचारला होता. कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रक्रियेला मिळतो, त्यामुळे ते डीएलएलने साधणार नाही. तूर्त दिवसा लॅबव्ह्यू आणि रात्री पायथन अशीच पाळी ठेवली आहे.

लॅबव्ह्यूचा डायग्राम अजून जुनाच आहे आणि तो नव्या डीएलएलवर २५.३ च दाखवतो. पुढच्या गुरुवारी त्यातल्या ओलांडणाऱ्या वायरी काढून नवे 'तापमान वाचा' जोडणार आहे. तोवर ऐकणारा कन्व्हर्टर तारेवर तसाच ठेवला आहे, आणि पायथनच्या रात्रीच्या नोंदींमध्ये थंड ओव्हनला १८० आलेले नाही.

सी_साधक

डायग्राम बदलताना नोडवर मूल्याचा प्रकार '८ बाइट डबल' आणि पाठवण्याची पद्धत 'पॉइंटर टू व्हॅल्यू' निवडा. ती 'व्हॅल्यू'वर राहिली तर लॅबव्ह्यू पत्त्याऐवजी आकडाच पाठवील आणि पडद्यासकट बंद पडेल. नोड केशरीच राहिले तरी चालेल. पण आता कुलूप डीएलएलमध्ये असल्यामुळे ते 'कोणत्याही थ्रेडमध्ये'वर नेले, तर उशिराच्या उत्तराची वाट पाहताना ऑपरेटरचा पडदा अडकणार नाही.